तारांच्या डॉक्टरांना संघटना का लागली?

वाकड्या दातांवरचा तारांचा इलाज सावकाश फळणारा. दीड-दोन वर्षे तारा, मग दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर, आणि दात जागेवर टिकले की पुन्हा सरकले हे कळायला आणखी काही वर्षे. तोवर पेशंट शिकायला परगावी गेलेला असतो. एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे दात सरळ करणाऱ्या दंतवैद्याला, आपले काय चुकले ते कळतच नाही, कळले तरी फार उशिरा. या शाखेच्या संघटना इतक्या लवकर उभ्या राहिल्या, त्याचे मोठे कारण मला हेच वाटते.

सुरुवात अमेरिकेतल्या सेंट लुईसची. पहिल्या मोठ्या दाढा एकमेकींवर कशा बसतात, त्यावरून एडवर्ड अँगल यांनी 1899 मध्ये वाकड्या दातांचे तीन वर्ग पाडले. आजही केसपेपरवर ‘क्लास टू’ लिहितात ते त्यांचेच. 1900 मध्ये त्यांनी या विषयाची शाळा काढली आणि त्याच सुमारास सहकाऱ्यांना घेऊन संस्थाही. तीच पुढे अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्स झाली. युरोपची संस्था 1907 मध्ये बर्लिनला स्थापन झाली.

अँगल यांचा दरारा मोठा होता. चांगला दात काढायचा नाही, हा त्यांचा दंडक. त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड ॲरिझोनात तो इमानाने पाळत होते; पण दात सरळ झाले तरी ओठ पुढे आलेले दिसत, आणि पुढे दात पुन्हा सरकत. मग ट्वीड यांनी त्याच पेशंटांच्या चार उपदाढा काढून पुन्हा उपचार केले, आणि 1940 मध्ये शिकागोच्या अधिवेशनात अशा शंभर जणांच्या दातांचे दोन्ही वेळचे साचे, म्हणजे नमुने, मांडले. गुरूच्या शब्दाविरुद्ध नुसत्या भाषणाने कोण हलले असते? नमुने समोर होते, म्हणून व्यवसायाचे मत बदलू लागले.

1929 मध्ये आलेल्या अमेरिकन बोर्ड ऑफ ऑर्थोडॉन्टिक्सची कसोटीही दीर्घकाळ हीच होती: स्वतः पूर्ण केलेल्या केसेस परीक्षकांपुढे ठेवा. दंतवैद्यकातले हे पहिले विशेषज्ञ-मंडळ.

आपल्याकडची कथा मुंबईत सुरू होते. 1963 मध्ये इथे एक अभ्यासगट जमला आणि त्यातून 1965 मध्ये इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी उभी राहिली. दंतवैद्यकाच्या एखाद्या शाखेची देशातली ही पहिलीच संघटना. आधी अभ्यास, मग संस्था, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

कारण भिंतीवरच्या सभासदत्वाच्या प्रमाणपत्राने हात सुधारत नाही. एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातले पदव्युत्तर शिक्षण, संपवून बाहेर पडलेला मुलगा किंवा मुलगी आज चार दवाखान्यांत व्हिजिटिंगला फिरते. टाळूत अडकलेला सुळा खाली ओढताना शेजारच्या दाताचे मूळ झिजू लागले, तर विचारायचे कोणाला? शहरातल्या ऑर्थोडॉन्टिस्टांच्या अभ्यासगटाच्या बैठकीत ती अर्धवट केस, एक्स-रे आणि फोटोंसकट, पडद्यावर लावता येते. तिथे वीस वर्षे सुळे खाली आणणारे कोणीतरी बसलेले असते, आणि ओढ कोणत्या दिशेने बदलायची ते सांगते.