गोठवायचं तर आणल्या दिवशीच गोठवा
फ्रीझरमधल्या दुधाबद्दल आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

सकाळी साडेसहा ते आठ ही आमच्या काउंटरवरची सगळ्यात घाईची वेळ. नेमक्या त्याच वेळी, आठवड्यातून दोन-तीनदा तरी, कुणीतरी स्टीलचा डबा पुढं ठेवतं आणि म्हणतं, "हे बघा, तुमचं दूध नासलं." झाकण काढलं की वर पिवळसर पाणी आणि खाली चोथा. कधीचं दूध म्हणून विचारावं, तर आठवड्यापूर्वी नेलेलं, फ्रीझरमध्ये ठेवलेलं, आज काढून गॅसवर चढवलेलं. मागं रांग खोळंबलेली असते. घाईत आम्ही चार वाक्यं सांगतो, त्यातली दोन ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतात, आणि पुढच्या महिन्यात तोच डबा परत येतो. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढलं. हेच पत्रक कन्नडमध्येही काउंटरवर ठेवलंय, शेजाऱ्यांना हवं असेल तर घेऊन जा.

घरी दूध गोठवायला आमचा विरोध नाही, हे आधीच सांगतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात निपाणीजवळ महामार्ग बंद पडला, त्यानंतर २०२० चं लॉकडाऊन आलं. तेव्हापासून बऱ्याच घरांना चार पिशव्या फ्रीझरमध्ये असल्या की बरं वाटतं. घरात आजारी माणूस असेल, लहान मुलं असतील, पावसाळ्यात खानापूरकडच्या गावात राहणं असेल, तर ते योग्यच आहे. नीट गोठवलेलं दूध महिनाभर सहज चांगलं राहतं. फक्त ते नीट गोठवलेलं असायला हवं.

चूक कुठं होते

चूक एकच आहे आणि जवळजवळ प्रत्येक तक्रारीमागं तीच असते. दूध आधी दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये राहतं. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की आता हे संपणार नाही, उद्या नासेल. म्हणून ते उचलून फ्रीझरमध्ये टाकतात. म्हणजे नासायला आलेलं दूधच गोठवलं जातं.

फ्रीझर दुधाला आहे त्या जागी थांबवतो, मागं नेत नाही. दुधातले जंतू साखर खातात आणि आम्ल तयार करतात. दुधाला आंबटपणा चढतो तो असा. गोठवल्यावर हे जंतू बहुतेक मरत नाहीत, नुसते निपचित पडतात. चढलेला आंबटपणाही तसाच राहतो. तो जिभेला कळत नाही, नाकाला कळत नाही, पण गॅसवर दूध तापलं की आम्ल आणि उष्णता मिळून दुधातलं प्रथिन गोळा होतं आणि दूध फाटतं. गोठवलं नसतं तर ते दुसऱ्या दिवशी फाटलं असतं. गोठवल्यामुळं ते आठवड्यानंतर फाटलं, एवढाच फरक.

टिळकवाडीतल्या एक काकू आमच्या जुन्या गिऱ्हाईक, रोजचा दोन लिटरचा रतीब. त्या लग्नाला गोव्याला गेल्या आणि रतीब बंद करायला विसरल्या. शेजारणीनं तीन दिवसांच्या पिशव्या घेऊन आपल्या फ्रीजमध्ये ठेवल्या. काकू आल्यावर समोर सहा लिटर दूध. ताजं वापरायला काढलं आणि सगळ्यात जुनं फ्रीझरमध्ये टाकलं. आठ दिवसांनी ते फाटलं तेव्हा त्या फार नाराज झाल्या, आणि आम्हालाही वाईट वाटलं, कारण इतक्या वर्षांचा संबंध. फ्रीझरमधली उरलेली एक पिशवी त्यांना आणायला सांगितली. ती त्यांच्यासमोर विरघळवून एक पळीभर दूध छोट्या पातेल्यात तापवलं. उकळी यायच्या आधीच कडेला रव्यासारखे कण चिकटले. मग त्या सकाळचंच आमचं दूध तापवून, गार करून आमच्या फ्रीझरमध्ये ठेवलं आणि आठवड्यानं काकूंना बोलावून त्यांच्यादेखत उकळवलं. वर साय आली, पण दूध फाटलं नाही. तेच दूध, तसाच फ्रीझर, मुख्य फरक ठेवण्याच्या दिवसाचा.

म्हणून नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: ज्या दिवशी आणलं त्याच दिवशी गोठवायचं. आधी ताजं दूध फ्रीझरमध्ये जाऊ दे, कालचं वापरायला काढा. आपली सवय याच्या बरोबर उलट असते, जुनं साठवायचं आणि नवं वापरायचं. दुधाला ती लागू होत नाही.

शंका असेल तर ती पळीची परीक्षा घरी करा. फ्रीझरमध्ये ठेवायच्या आधी पळीभर दूध उकळून बघा. कडेला कण दिसले तर ते दूध गोठवू नका, वास चांगला असेल तर त्याच दिवशी लिंबू पिळून पनीर करून टाका. आम्हीही हेच करतो. उचगाव, कडोली, येळ्ळूरकडून आलेला प्रत्येक कॅन उतरला की त्यातलं थोडं दूध परीक्षानळीत घेऊन ती नळी पाच मिनिटं उकळत्या पाण्यात धरतो. कण दिसला की कॅन परत जातो. गवळी नाराज होतात, पण यात आम्ही कधी सूट देत नाही. त्यानंतर दूध कूलरमध्ये चार अंशांपर्यंत गार होतं, मगच विक्रीला येतं. ते टिकावं म्हणून त्यात सोडा किंवा दुसरं काहीही घातलं जात नाही. त्यामुळं दुर्लक्ष झालं तर आमचं दूध नासतं. काही न घातलेल्या दुधाचा तो गुणच आहे.

गोठवायचं कसं

आमचं दूध न तापवलेलं असतं, त्यामुळं आधी एक उकळी आणा. मग पातेलं परातीतल्या गार पाण्यात ठेवून लवकर निववा. गरम दूध फ्रीझरमध्ये ठेवलं की शेजारचं सामान विरघळतं आणि मधलं दूध तासन्‌तास कोमट राहतं. निवल्यावर साय काढून घ्या, ती तुपाच्या डब्यात जाऊ दे. सायीसकट गोठवलेलं दूध वितळल्यावर वर तुपकट गुठळ्या तरंगतात आणि मुलं ते पीत नाहीत.

भांडं पूर्ण भरू नका. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, आणि दुधात बहुतेक पाणीच असतं, गाईच्या दुधात सुमारे ८७ टक्के, म्हशीच्या दुधात थोडं कमी. वर दोन बोटं जागा सोडा. काचेची बाटली अजिबात नको. अर्धा लिटरचे झाकणाचे डबे सगळ्यात सोयीचे, कारण एकदा काढलेलं दूध परत गोठवायचं नसतं आणि लिटरभर दूध एका दिवसात सगळ्यांकडंच संपत नाही. डब्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवा.

किती दिवस ठेवायचं हे तुमच्या फ्रीजवर आहे. दोन दारांच्या फ्रीजचा वेगळा फ्रीझर उणे अठरा अंशांपर्यंत जातो, तिथं महिनाभर निर्धास्त ठेवा. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा तेवढा थंड नसतो आणि दार उघडलं की प्रत्येक वेळी तोही उघडतो. ओळखायची खूण म्हणजे आईस्क्रीम. त्या कप्प्यात आईस्क्रीम दगडासारखं राहत असेल तर ठीक, चमच्यानं सहज निघत असेल तर दूध आठवड्याच्या आत संपवा.

सौंदत्तीच्या जत्रेला किंवा गावी गेल्यावर मागं वीज किती वेळ गेली होती हे कळत नाही. त्यासाठी एक करा. वाटीत पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणं ठेवून जा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर दूध चांगलं. नाणं बुडाशी जाऊन वर बर्फ झाला असेल तर मधे सगळं वितळून परत गोठलेलं आहे. ते दूध वापरू नका.

"दुधात पाणी आहे" ही तक्रार

ही तक्रार आमच्या मनाला सगळ्यात जास्त लागते. गोठलेला डबा ओट्यावर ठेवतात, कडेनं थोडं सुटलं की तेवढं चहाला ओतून घेतात. चहा झकास होतो. तासाभरानं उरलेलं वितळतं आणि ते पांढऱ्या पाण्यासारखं असतं. मग फोन येतो.

गोठताना दुधातलं पाणी आधी बर्फ होतं आणि घट्ट भाग मागं राहतो. वितळताना उलट होतं: आधी घट्ट दूध सुटतं, बर्फ शेवटी विरघळतो. पहिला पेला दाट आणि शेवटचा पातळ हा त्याचाच परिणाम. अर्धवट वितळलेल्या दुधात लॅक्टोमीटर (दुधाचा दाटपणा मोजायची नळी) घालून आम्हाला आकडा दाखवू नका, तो आकडा खोटाच येणार. डबा पूर्ण वितळू द्या, मग रवीचे दोन-चार फेरे द्या, सगळं पुन्हा एकजीव होतं. जास्त घुसळू नका, लोणी सुटायला लागेल.

गोठलेलं दूध पिवळट दिसतं म्हणून घाबरणारेही खूप आहेत. गाईच्या दुधात ते जास्त जाणवतं. त्यात हळद नाही की रंग नाही. पाणी बर्फ होऊन बाजूला गेलं की दुधाचा मूळचा पिवळेपणा उठून दिसतो. वितळलं की पुन्हा पांढरं.

वितळवायचं तर आदल्या रात्री डबा फ्रीझरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवा. लिटरभराला पूर्ण दिवससुद्धा लागतो. घाई असेल तर बंद डबा गार पाण्यात ठेवा आणि पाणी बदलत राहा. ओट्यावर उघडं नको, आणि बर्फाची लादी थेट पातेल्यात टाकून गॅसवर तर नकोच. खालचं दूध करपतं, वर बर्फ तसाच. वितळल्यावर उकळून एक-दोन दिवसांत संपवा.

चहा, खीर, शेवया, बासुंदी यांना हे दूध छान चालतं. दही लागतं, पण कवडी पडत नाही, थोडं सैल राहतं. आपल्या बेळगावी कुंद्याला तर हे दूध उत्तम, कारण कुंद्यात दूध आटवताना दही घालून आपण मुद्दामच रवाळ करतो. मात्र आंबट वासाचं दूध कुंद्यातही घालू नका. नुसतं प्यायला ताजंच बरं. वर्षाच्या आतल्या बाळासाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

सणासाठी साठवणच करायची असेल तर आमचं मत वेगळं आहे. दुधाऐवजी खवा ठेवा. जागा कमी लागते, वितळायला वेळ लागत नाही. आमच्याकडं म्हशीच्या दुधाचा खवा पावशेरच्या पुड्यांत मिळतो, गणपती-दिवाळीच्या आधी दोन दिवस सांगून ठेवलं तर त्याच सकाळी भट्टीवरून काढलेला देतो. तो घरी नेऊन लगेच फ्रीझरमध्ये टाका.

फ्रीझरमधून काढलेलं दूध फाटलं तर ते आम्ही बदलून देत नाही. काउंटरवरून गेल्यावर ते कुठं आणि किती वेळ राहिलं ते आमच्या हातात नसतं. पण त्या दिवशीचं दूध घरी नेऊन लगेच तापवलं आणि फाटलं, तर डबा तसाच घेऊन या. काही न विचारता दुसरं दूध देऊ, आतापर्यंत दिलंच आहे.

आणि गावाला जाणार असाल तर आदल्या संध्याकाळी सातपर्यंत काउंटरवर किंवा पिशवी टाकणाऱ्या मुलाकडं सांगा. एका दिवसाचा असला तरी खाडा आम्ही वहीत मांडतो, आणि तो महिन्याच्या बिलातून आपोआप वजा होतो.