टोमॅटोची फळधारणा (घरच्या कुंडीतली)

कुंडीतल्या टोमॅटोला फुलं भरभरून येतात आणि फळ मात्र धरत नाही, ही गच्ची-गॅलरीत बाग करणाऱ्यांची नेहमीची तक्रार. शेतकरी यालाच 'सेटिंग होत नाही' म्हणतात.

टोमॅटोच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, म्हणजे एकटं झाडसुद्धा फळ देऊ शकतं, नर-मादी अशी दोन झाडं लागत नाहीत. पुंकेसर एकमेकांना चिकटून मधोमध पिवळी नळी तयार होते, परागकण तिच्या आत असतात आणि फूल हललं की मिरपुडीच्या डबीसारखे खाली सांडतात. बाहेर हे काम वारा करतो, शिवाय भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला धरून अंग थरथरवतात त्याने पराग झडतात. साध्या मधमाशीला हे जमत नाही, आणि टोमॅटोच्या फुलात मधही नसतो म्हणून ती फारशी फिरकत नाही. युरोपातल्या काचघरांत 1980 च्या दशकाच्या शेवटापासून मुद्दाम बंबलबी (मोठी, केसाळ माशी, तीही फुलाला धरून थरथरते) सोडतात ते याचसाठी.

बंद गॅलरीत वारा नाही की माशी नाही, मग आपणच हलवायचं. सकाळी दहा-अकराच्या सुमारास, ऊन आल्यावर, घोसाच्या देठाला बोटाने हलकी टिचकी मारायची किंवा बॅटरीवरचा टूथब्रश देठाला क्षणभर टेकवायचा. फुलाखाली काळा कागद धरला तर पिवळी पूड पडताना स्पष्ट दिसते, ती दिसली की काम झालं.

पण टिचकीने सगळं सुटत नाही. दिवसा 35 अंशांच्या वर आणि रात्री 22-24 च्या वर तापमान राहिलं की पराग कमजोर होतात, कधी स्त्रीकेसराचं टोक नळीच्या बाहेर येतं आणि पराग तिथे पोचतच नाहीत, मग देठाच्या गाठीजवळ पिवळं पडून फूल गळतं. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात हेच होतं, त्यात झाडाचा दोष नाही. पावसाळ्यात कोकणात दमट हवेने परागांच्या गुठळ्या होतात. युरिया जास्त पडला तर पाला माजतो, फळं कमी धरतात, तेव्हा फुलं दिसायला लागली की नत्र (युरियातला नायट्रोजन) आवरतं घ्यावं हे उत्तम.

पराग कमी पडले तर बियाही कमी होतात आणि फळ लहान, वाकडं किंवा आतून पोकळ राहतं. नीट धरलेलं फळ पिकायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात रोप लावलं की फुलं थंडीत येतात आणि तेव्हाच सेटिंग सगळ्यात चांगलं होतं.