होमस्टेड शेतकरी व त्याचे कुटुंब

अमेरिकेच्या मध्यपश्चिम गवताळ प्रदेशात सरकारी पडीक जमिनीवर हक्क सांगून, ती कसून मालकीची करून घेणारा शेतकरी. ही वसाहत ज्या कायद्याने झाली त्या होमस्टेड कायद्यावर राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी 20 मे 1862 रोजी सही केली आणि 1 जानेवारी 1863 पासून तो अमलात आला. वयाची 21 वर्षे पूर्ण केलेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या आणि अमेरिकेविरुद्ध शस्त्र न उचललेल्या व्यक्तीला 160 एकरांपर्यंत जमीन मागता येई. नागरिकत्वाचा इरादा जाहीर केलेले परदेशीही अर्ज करू शकत. अटी मोजक्याच होत्या : जमिनीवर घर बांधायचे, पाच वर्षे तिथेच राहायचे, जमीन लागवडीखाली आणायची आणि शेवटी दोन साक्षीदारांसह पुरावा द्यायचा. सरकारी फी सगळी मिळून सुमारे 18 डॉलर होती. जमीन फुकट मिळाली असे म्हणण्याचा प्रघात आहे, पण बैल, नांगर, बियाणे, विहीर आणि पहिले पीक हाती येईपर्यंतचे धान्य यांचा खर्च धरला तर ते म्हणणे टिकत नाही.

या शेतकऱ्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध नाव डॅनियल फ्रीमन (1826–1908) याचे. जन्म ओहायोतला. कायदा लागू झाला त्या दिवशी नेब्रास्कातील ब्राउनव्हिल येथील जमीन कचेरीत त्याने अर्ज दाखल केला. मध्यरात्र उलटताच कारकुनाला विनवून त्याने कचेरी उघडायला लावली, कारण त्याला सैन्याच्या कामासाठी लगेच निघायचे होते, अशी हकिकत सांगतात. त्याच दिवशी इतर ठिकाणीही अनेकांनी अर्ज केले होते, त्यामुळे ‘पहिला होमस्टेडर’ या मानाबद्दल वाद झाले. मात्र त्याच्या सनदेवर, म्हणजे जमिनीच्या मालकीच्या सरकारी दस्तऐवजावर, क्रमांक 1 आहे. बिॲट्रिस गावाजवळ कब क्रीक या ओढ्याकाठी त्याने जमीन निवडली, आणि ही निवड अत्यंत शहाणपणाची होती. ओढ्याला पाणी होते आणि काठाने झाडी. झाडे क्वचित दिसणाऱ्या त्या मुलखात सरपण आणि घराचे लाकूड हाताशी असणे म्हणजे अर्धी लढाई जिंकणे होते.

जमीन मिळाली, पण घर अजून उभे राहायचे होते. फ्रीमनचा भाऊ जेम्स यादवी युद्धात मरण पावला. आयोवा राज्यातील ले क्लेअर या मिसिसिपीकाठच्या गावातली ॲग्नेस सूटर हिच्याशी जेम्सचे लग्न ठरलेले होते. डॅनियल आणि ॲग्नेस यांच्यात पत्रव्यवहार सुरू झाला, पत्रातूनच त्याने मागणी घातली आणि 8 फेब्रुवारी 1865 रोजी त्यांचे लग्न झाले. नदीकाठचे भरवस्तीचे गाव सोडून ती नेब्रास्काच्या माळावर आली. या दांपत्याला आठ मुले झाली.

पाच वर्षांनंतर 1868 च्या जानेवारीत फ्रीमनच्या शेजाऱ्यांनी जे शपथपत्र दिले त्यातून त्या संसाराचे चित्र स्पष्ट उभे राहते. काही भाग ओंडक्यांचा आणि काही फळ्यांचा, असे 14 बाय 20 फुटांचे एकमजली घर. दोन दारे, दोन खिडक्या, लाकडी पट्ट्यांचे छप्पर, फळ्यांची जमीन. सुमारे 35 एकर नांगरून, कुंपण घालून लागवडीखाली आणलेले. एक तबेला, 100 फूट लांबीचा मेंढ्यांचा गोठा, मक्याची कणगी, सफरचंदाची 40 आणि पीचची सुमारे 400 झाडे. या यादीत सर्वांत बोलका आकडा 35 एकरांचा आहे. 160 पैकी इतकीच जमीन पाच वर्षांत मोडता आली. उंच गवताच्या मुळांची घट्ट जाळी फोडायला पोलादी फाळाचा नांगर आणि बैलांच्या जोड्या लागत, आणि पहिल्या वर्षी त्या जमिनीत पीक बेताचेच येई.

सनद निघाली ती डॅनियलच्या एकट्याच्या नावाने. अविवाहित, विधवा किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या स्त्रीला स्वतंत्र अर्ज करता येई, पण नवऱ्याबरोबर नांदणाऱ्या बाईला नाही. प्रत्यक्षात होमस्टेड ही साऱ्या घराची मेहनत होती. पाणी भरणे, भाजीपाल्याचा वाफा, कोंबड्या, दूधदुभते, साबण व मेणबत्त्या बनवणे, कपडे शिवणे हे बाईकडे असे. नगदी पीक बुडाले की गावातल्या दुकानदाराला दिलेल्या लोण्या-अंड्यांवर मीठ-साखर येई. अनेक घरे अशीच तगली. बाळंतपण शेजारणींच्या भरवशावर. सात-आठ वर्षांची मुले गुरे राखत, तण काढत, आणि सरपण नसलेल्या भागात रानगव्यांच्या व गुरांच्या वाळलेल्या शेणी गोळा करत, कारण चूल त्यावरच पेटे. शाळा शेतीची कामे आटोपल्यावर, बहुधा हिवाळ्यात.

घरांच्या आकाराकडे पाहिले की हा संसार किती दाटीचा होता हे कळते. फ्रीमनच्या शेताच्या ईशान्येला काही मैलांवर जॉर्ज पामर याने 1867 मध्ये बांधलेले घर अवघे 14 बाय 16 फुटांचे होते, आणि त्यात पामर दांपत्याने दहा मुले वाढवली. ओंडक्यांसाठी झाडेच नसलेल्या पश्चिमेकडे लोक गवतासकट कापलेले मातीचे ढपले विटांसारखे रचून भिंती उभारत. अशी घरे उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार असत, पण पावसात छतातून चिखल गळे. म्हणून आतून कापड ताणून बांधत.

1874 चे टोळधाडीचे वर्ष हा या शेतकऱ्यांच्या आठवणीतला सर्वांत मोठा घाव. टोळांनी उभा मका तर फस्त केलाच, शिवाय घोड्यांच्या सामानाचे चामडे आणि अवजारांचे घामाने भिजलेले दांडेही कुरतडले. असंख्य कुटुंबे गाडीत सामान भरून पूर्वेकडे परतली. 12 जानेवारी 1888 च्या अचानक आलेल्या हिमवादळात शाळेतून घरी निघालेली कितीतरी मुले गारठून मेली. अर्ज केलेल्यांपैकी अर्ध्याहून अधिक जणांच्या हाती सनद कधीच आली नाही.

‘सरकारी पडीक’ हा शब्द इथे जपूनच वापरायला हवा. ही भूमी ओटो-मिसुरिया या मूळनिवासी लोकांची होती. 1854 च्या तहाने त्यांना बिग ब्लू नदीकाठच्या राखीव पट्ट्यात कोंडण्यात आले, आणि 1881 मध्ये तिथूनही हलवून आजच्या ओक्लाहोमात पाठवण्यात आले. फ्रीमन कुटुंबाची बाग फळाला येत होती तेव्हा हे मूळ मालक थोड्याच मैलांवर उरल्यासुरल्या जमिनीवर दिवस काढत होते. होमस्टेडची कोणतीही हकिकत यांना वगळून सांगणे अन्यायाचे आहे.

फ्रीमनचा स्वभाव करारी होता. जवळच्या सार्वजनिक शाळेत, जी पुढे फ्रीमन शाळा म्हणून ओळखली गेली, शिक्षिका बायबल वाचून प्रार्थना घेते याला त्याने हरकत घेतली. शाळा मंडळाने दाद दिली नाही, खालच्या न्यायालयातही तो हरला, पण वयाच्या 76 व्या वर्षी, 1902 मध्ये, नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने नेब्रास्का राज्याच्या स्वतःच्या घटनेच्या आधारे त्याच्या बाजूने निकाल दिला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील असे बायबलवाचन घटनाबाह्य ठरवले ते 1963 मध्ये. माळरान मोडून शेत करणाऱ्या माणसाचे हे काम त्याच्या शेतीइतकेच मोलाचे मानले पाहिजे.

डॅनियल 30 डिसेंबर 1908 रोजी वारला. ॲग्नेस 1931 पर्यंत जगली. 1936 मध्ये त्यांची जमीन राष्ट्रीय स्मारक झाली. पामरचे ओंडक्यांचे घर पुढे तिथेच आणून उभे केले आहे, आणि 1939 पासून सुमारे 100 एकरांवर मूळचे उंच गवत पुन्हा वाढवले जात आहे. कायदा 1976 मध्ये रद्द झाला, अलास्कापुरता तो 1986 पर्यंत चालला. तोवर सुमारे 16 लाख सनदा दिल्या गेल्या होत्या आणि 27 कोटी एकर, म्हणजे देशाच्या भूमीचा जवळजवळ दहावा हिस्सा, खाजगी मालकीचा झाला होता.