आंतरधर्मीय लोकशिक्षण : शांतता आणि जागतिक न्याय (नाशिक परिसर)

निरनिराळ्या धर्मांच्या, पंथांच्या आणि कोणताही धर्म न मानणाऱ्या प्रौढ नागरिकांनी एकत्र बसून युद्ध, विषमता, स्थलांतर, पाणी, व्यापार अशा सामाईक प्रश्नांचा अभ्यास करण्याच्या पद्धतीला आंतरधर्मीय लोकशिक्षण म्हणतात. ते शाळा-महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमाबाहेर, वस्तीतल्या सभागृहात, वाचनालयात किंवा एखाद्या प्रार्थनास्थळाच्या आवारात चालते. धर्मप्रसार हा त्याचा हेतू नसतो आणि सगळे धर्म एकच आहेत असे ठरवून टाकणे हाही नसतो. न्यायाविषयी आपल्या परंपरेने काय सांगितले आहे ते दुसऱ्यासमोर मांडणे, दुसऱ्याचे म्हणणे मध्येच न तोडता ऐकून घेणे आणि त्यानंतर एखाद्या प्रत्यक्ष अन्यायाची कारणे मिळून तपासणे ही त्याची तीन अंगे होत. तिसरे अंग गळाले की उरतो तो सणासुदीचा स्नेहमेळावा. स्नेहमेळाव्याची गरज असतेच, परंतु त्याला शिक्षण म्हणता येत नाही.

या कल्पनेची जागतिक पार्श्वभूमी साधारणपणे १८९३ च्या शिकागो येथील सर्वधर्म परिषदेपासून सांगितली जाते. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये इतर धर्मांशी संवादाची भूमिका अधिकृतपणे स्वीकारली. नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये संरचनात्मक हिंसेची संकल्पना मांडली, म्हणजे कोणीही शस्त्र उचललेले नसताना समाजाच्या घडणीमुळेच माणसांचे आयुष्य खुंटते ती हिंसा. युनेस्कोने १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय सामंजस्य व शांततेच्या शिक्षणाविषयी शिफारस संमत केली आणि २०२३ मध्ये ती नव्याने लिहिली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१० मध्ये फेब्रुवारीचा पहिला आठवडा आंतरधर्मीय सलोख्यासाठी राखून ठेवला. महाराष्ट्रात मात्र या विचाराची मुळे अधिक जवळची आहेत : गांधीजींच्या एकादश व्रतांतील सर्वधर्मसमभाव, निरनिराळ्या धर्मग्रंथांचे सार काढण्याचे विनोबांचे काम, आणि पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये उपोषणाला बसलेले साने गुरुजी.

नाशिकमध्ये या शिक्षणाला लागणारी सामग्री शहरातच विखुरलेली आहे. पंचवटी आणि रामकुंड, जुन्या नाशकातील बडी दर्गा, नाशिकरोडचे बाळ येशूचे तीर्थस्थान, म्हसरूळजवळचे जैनांचे गजपंथ, जिल्ह्यात मनमाडचा गुरुद्वारा. बाळ येशूच्या फेब्रुवारीतील यात्रेला ख्रिस्ती नसलेले भाविकही मोठ्या संख्येने येतात. मुघलकाळात या शहराचे नाव गुलशनाबाद होते. तरीही ही ठिकाणे एका गावात आहेत म्हणून तिथली माणसे एकमेकांना ओळखतात असे होत नाही, आणि लोकशिक्षणाचे काम नेमके इथून सुरू होते.

अभ्यासाची सुरुवात पांडवलेण्यांपासून करावी, असे सुचवण्यास सबळ कारण आहे. त्रिरश्मी डोंगरातील या बौद्ध लेण्यांपैकी दहाव्या लेण्यात क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाचा जावई उषवदात याचे शिलालेख आहेत. लेणे भिक्षुसंघाला दिल्याचे सांगणारा हा दाता त्याच लेखात ब्राह्मणांना दिलेल्या गायी व गावे, प्रवाशांसाठी बांधलेली विश्रामस्थाने आणि नद्यांवर ठेवलेल्या मोफत नावा यांचीही नोंद करतो. त्याहून उद्बोधक आहे तो त्याचा हिशेब. त्याने गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवले, दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने आणि एक हजार शेकडा पाऊण व्याजाने. या व्याजातून भिक्षूंची वस्त्रे व किरकोळ खर्च भागावा आणि मुद्दल परत मागितले जाऊ नये, अशी तजवीज होती. धर्म, व्यापार आणि कारागिरांचे श्रम एकमेकांत कसे गुंतलेले असतात हे दाखवणारा असा दस्तऐवज दगडावर कोरलेला समोर असताना चर्चा केवळ सद्भावनेपाशी थांबत नाही. पैसा कोणाचा आणि तो राजघराण्याकडे कसा आला, हेही विचारावे लागते.

दुसरे ठिकाण शरणपूर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या या ख्रिस्ती वसाहतीत हिंदी महासागरातील गुलामवाहू गलबतांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना ठेवले जाई व सुतारकाम, लोहारकाम यांसारखे हुन्नर शिकवले जात. त्यांतील काहीजण पुढे आफ्रिकेचे ब्रिटिश संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या मोहिमांत सामील झाले. येथे शिकलेला जेकब वेनराइट लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवासोबत इंग्लंडला गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतील अंत्यविधीत खांदेकऱ्यांपैकी एक होता. इतर अनेकांना पूर्व आफ्रिकेतील मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी वसवलेल्या फ्रेरेटाउन या वसाहतीत नेण्यात आले. गुलामगिरीविरुद्धचा जागतिक लढा नाशिकच्या एका पेठेतून असा गेला, हे आज फार थोड्या नाशिककरांना ठाऊक आहे. हा इतिहास शिकवताना त्याची दुसरी बाजूही सांगणे आवश्यक आहे. सुटका झालेल्या या मुलांना धर्म निवडण्याची मोकळीक नव्हती, आणि त्यांना सोडवणारे साम्राज्य या देशावर राज्य करीत होते.

या सर्व अभ्यासाच्या मध्यभागी ठेवावे असे प्रकरण काळाराम मंदिराचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. स्थानिक धुरा दादासाहेब गायकवाड यांनी वाहिली. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले, सत्याग्रही दारांपुढे बसले, स्त्रियांनीही मोठ्या संख्येने तुरुंगवास पत्करला, रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली. सुमारे पाच वर्षे चाललेल्या या लढ्यानंतरही प्रवेश मिळाला नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. शांततेच्या शिक्षणात हा प्रसंग अवघड वाटतो म्हणून तो टाळण्याकडे कल असतो, आणि तसा तो टाळणे हे या शिक्षणातील सर्वांत मोठे वैगुण्य होय. दारे बंद असताना आतले लोक शांतच होते, ती शांतता कोणाची होती, हा प्रश्न नाशिकमध्ये जितका थेट विचारता येतो तितका फार थोड्या शहरांत विचारता येईल. आंतरधर्मीय संवादात बौद्ध सहभागी हे केवळ आणखी एका धर्माचे प्रतिनिधी म्हणून बसत नाहीत. त्यांच्या धर्मांतरामागे न्यायाची मागणी आहे, आणि ती ऐकून घेतल्याशिवाय पुढचे बोलणे प्रामाणिक राहत नाही.

जागतिक प्रश्नाचा स्थानिक शांततेशी असलेला संबंध मालेगावने फार मोठी किंमत देऊन दाखवला. ऑक्टोबर २००१ मध्ये अफगाणिस्तानवरील हल्ल्यांच्या निषेधार्थ अमेरिकी मालावर बहिष्काराचे आवाहन करणारी पत्रके वाटण्यावरून या यंत्रमागाच्या शहरात तंटा झाला, दंगल पेटली आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसे दगावली. पुढे ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, बडा कब्रस्तान परिसरात बॉम्बस्फोट झाले. त्या वेळी शहरात दंगल उसळली नाही, ही गोष्ट नागरिकांच्या संयमाची साक्ष म्हणून नोंदवली पाहिजे. मात्र या प्रकरणात सुरुवातीला अटक झालेल्या तरुणांना न्यायालयाने आरोपमुक्त करेपर्यंत २०१६ उजाडले. संयमाची अपेक्षा करणाऱ्या व्यवस्थेकडून वेळेवर न्याय मिळाला नाही, तर तो संयम किती काळ टिकावा, हा येथील अभ्यासाचा विषय आहे. सण-मिरवणुकांच्या आधी पोलीस ठाण्यात होणाऱ्या शांतता समितीच्या बैठका उपयुक्त असतात, पण त्यांची नजर पुढच्या आठवड्यापुरती असते. त्याच्या पलीकडे जाणारा प्रयोग १९८० च्या दशकाच्या अखेरीस भिवंडीत झाला. तेथील मोहल्ला समित्यांत सामान्य रहिवासी एरवीही नियमित भेटत, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली.

न्यायाचे विषय निवडण्यासाठी नाशिकला दूर जावे लागत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा लासलगावच्या बाजारात भाव कोसळले आणि बांगलादेशात ग्राहकाला कांदा महाग झाला. एका निर्णयाने दोन देशांतील गरिबांना वेगवेगळ्या बाजूंनी कसे घेरले, हे हिंदू शेतकरी आणि मुस्लिम व्यापारी एकत्र बसून मांडू शकतात. जायकवाडी धरणात १५ ऑक्टोबरला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडावे, हे जलसंपत्ती प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाने ठरले. गोदावरीला गंगा म्हणणाऱ्या शहरापुढे तिच्या पाण्यावर खालच्या गावांचा हक्क किती, हा प्रश्न त्यामुळे दर कोरड्या वर्षी उभा राहतो. ओझरला १९६४ पासून लढाऊ विमानांचा कारखाना आहे आणि देवळालीत तोफखान्याचे प्रशिक्षण होते. हजारो घरे या उद्योगांवर चालतात, म्हणून निःशस्त्रीकरणाची चर्चा येथे हवेत करता येत नाही. ती त्या घरांतील माणसांना सोबत घेऊनच व्हावी लागते.

कार्यपद्धतीविषयी फारसे मतभेद नाहीत. गट लहान असावा, एका बैठकीत एकच उतारा किंवा एकच प्रश्न घ्यावा, प्रत्येकाने आपल्या धर्माविषयी बोलावे व दुसऱ्याच्या धर्माविषयी विचारावे, आणि बैठकीची जागा आळीपाळीने बदलावी. खरी अडचण निवडीची आहे. व्यासपीठावर बहुधा धर्मगुरू बसतात, आणि ते जवळजवळ नेहमी पुरुष असतात. त्यामुळे यंत्रमागावर किंवा द्राक्षबागेत राबणाऱ्या स्त्रीला स्वतःच्या धर्माबद्दलही बोलण्याची संधी मिळत नाही. धर्मांतराची भीती आणि बाहेरच्या पैशाविषयीचा संशय यांवर खर्चाचा हिशेब उघडा ठेवण्याखेरीज दुसरा उपाय दिसत नाही.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील आदिवासींची अडचण याहून वेगळी आहे. डोंगऱ्यादेव, वाघदेव, कणसरी यांना मानणाऱ्या समाजासाठी सर्वधर्म सभेच्या यादीत सहसा रकानाच नसतो. मार्च २०१८ मध्ये वनहक्क आणि कर्जमाफीच्या मागण्या घेऊन नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर पायी गेलेल्या शेतकरी मोर्चात हेच लोक बहुसंख्येने होते. दहावीच्या परीक्षार्थींची गैरसोय होऊ नये म्हणून त्यांनी शेवटचा टप्पा रात्री चालून पार केला, आणि मुंबईत निरनिराळ्या धर्मांच्या रहिवाशांनी त्यांना पाणी, खाणे, चपला दिल्या. वनहक्क कायदा २००६ चा असूनही दाव्यांसाठी त्यांना इतक्या वर्षांनी चालत जावे लागले. या तालुक्यांत अभ्यासगट काढायचे तर चर्चेची भाषा कोकणा असावी लागेल, मालेगावात उर्दू व अहिराणी, आणि अशा अभ्यासासाठी या भाषांत तयार झालेले साहित्य अद्याप अतिशय तुटपुंजे आहे.