जीआयसीत क्लोरहेक्सिडीन मिसळण्याआधी हे वाचा (आमच्या डेंटिस्ट ग्राहकांसाठी)

डॉक्टर, फिलिंगखाली परत कीड लागू नये म्हणून हल्ली बरेच जण ग्लास आयोनोमर सिमेंटमध्ये (जीआयसी, पावडर-लिक्विड मिसळून करायचं फिलिंग) क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक घालून बघतायत, आणि मग आम्हाला फोन येतो की सिमेंट सेटच होत नाही, माल बदलून द्या. डबा परत मागवून तुमच्यासमोर नुसत्या पावडर-लिक्विडने मिक्स केला की तोच माल व्यवस्थित सेट होतो.

घोळ होतो तो क्लोरहेक्सिडीनच्या माउथवॉशमुळे. ०.२ टक्क्यांच्या माउथवॉशमध्ये जवळपास सगळं पाणीच असतं. लिक्विडच्या थेंबासोबत त्याचा एक थेंब पॅडवर पडला की लिक्विडमधलं पॉलिअॅक्रिलिक अॅसिड पातळ होतं, रेशो बिघडतो, मग हात आपोआप जास्त पावडर ओढतो, मिश्रणाची चकाकी जाते आणि चकाकी गेलेलं सिमेंट दाताला नीट चिकटत नाही, महिन्याभरात कड निघते. संशोधनात जे करतात त्यात क्लोरहेक्सिडीनची पावडर मोजून, साधारण १ टक्का, घालतात, तीही जास्त झाली की ताकद कमी होते आणि सेटिंग लांबतं. शिवाय औषध सुरुवातीलाच भराभर बाहेर पडतं, पुढे फारसं उरत नाही. हे क्लिनिकमध्ये अंदाजाने करायचं काम नाही, म्हणून असा मिसळलेला माल आम्ही बदलून देत नाही, कृपया राग मानू नका.

क्लोरहेक्सिडीन वापरायचंच तर सिमेंटमध्ये नाही, कॅव्हिटीत (दातातल्या कोरलेल्या पोकळीत) वापरा. कंपोझिट (दाताच्या रंगाचं रेझिन फिलिंग) करताना एचिंगनंतर, म्हणजे दाताला अॅसिड लावून धुतल्यावर, २ टक्क्यांचं सोल्युशन मिनिटभर लावून टिपून घ्या आणि मग बॉन्ड (फिलिंग दाताला चिकटवणारं रेझिन) लावा, डेंटिनमधली (दाताच्या आतल्या थरातली) जी एन्झाइम्स बॉन्ड खातात त्यांनाही त्याने आळा बसतो.

मटेरियलमध्येच जंतुनाशक हवं असेल तर एमडीपीबी हा जंतुनाशक मोनोमर असलेला बॉन्ड बघा. जपानमध्ये १९९० च्या दशकात हा मोनोमर तयार झाला, क्लिअरफिल प्रोटेक्ट बॉन्डमध्ये तोच आहे. तो रेझिनसोबतच पॉलिमराइज होतो म्हणून धुऊन जात नाही, वर टेकलेल्या जंतूंची वाढ तिथेच रोखतो. लाळेतल्या प्रोटीनचा थर बसला की असर कमी होतो हे मात्र खरं, त्यामुळे रबर डॅम (लाळ दूर ठेवणारा रबराचा पडदा) आणि कडेचं सील याला पर्याय नाही. किंमत जास्त आहे, पण ज्यांच्याकडे वारंवार कीड लागणारे पेशंट आहेत त्यांना आम्ही आवर्जून सुचवतो, आणि एक बाटलीसुद्धा मागवून देतो.

साधं जीआयसीही कमी समजू नका, ते फ्लोराइड सोडतं आणि टूथपेस्टमधून परत भरून घेतं. फक्त बाटली उभी धरून थेंब पाडा, बुडबुडा आला तर तो थेंब टाकून द्या, स्कूप सपाट करा आणि पावसाळ्यात पावडरचं झाकण लगेच लावा. तरीही सेट झालं नाही तर बॅच नंबर कळवा, आमचा माणूस क्लिनिकमध्ये येऊन तुमच्या असिस्टंटला मिक्स करून दाखवेल, त्याचे पैसे घेत नाही.