रिपोर्टवरचा ‘दहा वर्षांतला धोका’: आकडा येतो कुठून, वाचायचा कसा

तुमच्या रिपोर्टच्या शेवटी एक टक्केवारी छापलेली असते. पुढच्या दहा वर्षांत हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होण्याची ती शक्यता. ८ टक्के म्हणजे तुमच्या वयाच्या, तुमच्यासारखंच बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल असलेल्या शंभर जणांपैकी साधारण आठ जणांना. त्या आठांत तुम्ही असाल की उरलेल्या ब्याण्णवांत, हे कुठल्याच गणिताला सांगता येत नाही.

आम्ही जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा तक्ता वापरतो. त्याचं सूत्र ८५ अभ्यासांतल्या ३,७६,१७७ लोकांच्या नोंदींवरून बांधलं आणि मग जगाच्या २१ विभागांतल्या आजाराच्या प्रमाणाशी जुळवून घेतलं. आपला तक्ता दक्षिण आशियाचा. मोबाइलवरचं ॲप वेगळा आकडा दाखवत असेल, तर ते कोणत्या देशाच्या लोकांसाठी बनवलंय ते आधी बघा. परक्या लोकसंख्येचं सूत्र इथे जसंच्या तसं लावलं की धोका सरसकट फुगतो किंवा झाकला जातो.

तक्त्याला वय, स्त्री की पुरुष, धूम्रपान, मधुमेह, वरचं बीपी आणि एकूण कोलेस्टेरॉल लागतं. बीपीचे चौकोन १२०, १४०, १६०, १८० ला बदलतात. म्हणजे १३८ आणि १४२ वेगळ्या चौकोनांत पडतात, आणि चार अंकांची चूक तर नुसत्या बसण्याच्या पद्धतीनेही होते. हात खाली लोंबता राहिला, पट्टा दंडाला लहान पडला, मापताना बोलत राहिलात किंवा लघवी तुंबलेली असली, तर बीपी खऱ्यापेक्षा जास्त येतं. म्हणून आल्यावर पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, उघडा दंड छातीच्या उंचीला. आधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, तंबाखू नको. आम्ही एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी धरतो.

उपाशी यायचंय म्हणून बीपीची गोळी चुकवू नका, ती पाण्याबरोबर घेऊन या. एकूण कोलेस्टेरॉलला उपास लागत नाही. तो उपाशीपोटीच्या साखरेसाठी असतो. मधुमेहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच. नुकताच मोठा ताप किंवा ऑपरेशन झालं असेल तर काही आठवडे थांबा, कारण आजारपणात कोलेस्टेरॉल खोटं कमी दिसतं. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ती सुरू होण्याआधीचा रिपोर्टही आणा.

तक्त्याला न दिसणाऱ्या गोष्टी आम्हाला तोंडी सांगा. त्यात फक्त धूम्रपान मोजलं जातं. मिश्री आणि चघळायची तंबाखू त्याच्या हिशेबातच नाही, पण शरीराच्या हिशेबात आहे. वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर छापील आकडा कमीच समजा आणि डॉक्टरांशी बोला.

तक्त्यात धोक्याचे रंग असे: ५ टक्क्यांखाली हिरवा, १० पर्यंत पिवळा, २० पर्यंत नारिंगी, ३० पर्यंत लाल, त्यापुढे गडद लाल. हिरवा आला म्हणून १६० चं बीपी किंवा वाढलेली साखर माफ होत नाही. त्यांचे उपचार वेगळे करावेच लागतात.

तक्ता ४० ते ७४ वयासाठीच आहे. पस्तिशीत विडी ओढणाऱ्याचा दहा वर्षांचा धोका निव्वळ वयामुळे छोटा दिसतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ मध्ये ३० ते ५९ वयासाठी तीस वर्षांचा हिशेब आणला तो याचसाठी, पण तो तिथल्या लोकांवर बांधलेला आहे, म्हणून आम्ही तो छापत नाही. आणि ज्यांना आधीच अटॅक येऊन गेला, स्टेंट बसला किंवा पक्षाघात झाला, त्यांचा हा आकडा आम्ही काढतच नाही. त्यांनी रिपोर्ट थेट आपल्या डॉक्टरांना दाखवावा.