हिमालयातला खडक वितळला नाही, तरी बदलला कसा?

हिमालयाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतंच, दोन भूखंडं धडकली, खालचे खडक वितळले आणि त्यांचे डोंगर झाले. आता थोडाफार खडक वितळला हे खरंय, हिमालयातले काही ग्रॅनाइट तसेच बनलेत, पण बहुतेक खडक घनच राहिला आणि तसाच बदलला, म्हणजे आतले अणू इकडचे तिकडे सरकले आणि जुनी खनिजं जाऊन नवी आली.

लडाखमध्ये त्सो मोरिरी सरोवराच्या भागात एक्लोजाइट सापडतो. हा मूळचा बेसाल्ट, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाच्याच जातीचा, पण प्रचंड दाबाखाली त्याचा हिरवट खडक झाला आणि त्यात डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल गार्नेट तयार झाले. या गार्नेटची पातळ चकती घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरा, आत क्वार्ट्झचे, म्हणजे गारगोटीच्या खनिजाचे, बारीक ठिपके दिसतात आणि काही ठिपक्यांभोवती गार्नेटला सगळीकडून तडे गेलेले असतात.

ते का, तर तिथे आधी क्वार्ट्झ नव्हताच, कोएसाइट होता. दोन्ही सिलिकाच, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनचेच बनलेले, पण कोएसाइटमध्ये अणू जास्त दाटीने बसलेले असतात आणि तो बनायला साधारण ९० किलोमीटर खोलीवरचा दाब लागतो. खडक वर यायला लागला, दाब उतरला, कोएसाइटचा क्वार्ट्झ होऊ लागला, त्याला जागा लागते सुमारे १० टक्के जास्त आणि गार्नेट काही ती देत नाही, मग आतला दाब चढाच राहतो आणि बदल अर्ध्यावर अडकतो. शेवटी गार्नेट तडकतं, पण तोवर खडक बराच थंड झालेला असतो, म्हणून ठिपक्याच्या मधोमध थोडा कोएसाइट शिल्लक राहतो.

 

म्हणजे सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूखंडाची पुढची कड एवढी खोल गेली आणि परतही आली, कारण भूखंडाचा खडक भोवतालच्या प्रावरणापेक्षा, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या थरापेक्षा, हलका, तो वर उसळणारच. रमतगमत आला असता किंवा भेगांमधून पाणी शिरलं असतं, तर सगळ्याचा क्वार्ट्झ झाला असता. १९८४ साली फ्रेंच भूवैज्ञानिक ख्रिस्तियाँ शोपँ यांनी आल्प्सच्या खडकात असाच कोएसाइट दाखवला, तोवर इतका हलका खडक एवढा खोल बुडू शकतो हे फारसं कुणी मानत नव्हतं.